फाटकावरच्या ॲपमधली आई

आई परळच्या एका टॉवरमध्ये चार घरी पोळ्या करते. आमची खोली चिंचपोकळीला, ती चालतच जाते. दोनेक वर्षांपूर्वी त्या सोसायटीने फाटकावर नवं ॲप आणलं. वॉचमनने आईला भिंतीशी उभं करून फोटो काढला, आधार कार्डाचाही काढला, फोन नंबर घेतला. कामाला जायचं तर नाही कोण म्हणणार?

काही महिन्यांनी तिला दुपारचे फोन येऊ लागले. एक पुरुष. आधी म्हणाला, पोळ्यांना बाई हवी आहे. मग म्हणाला, "अकराला तुमचं एक घर संपतं, साडेअकराला दुसरं सुरू होतं. मधे कुठे असता?" आईने फोन बंद करून डब्यांमागे ठेवला. आठवडाभर मला काही बोलली नाही. बोलली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "माजी काय चूक नाय गे."

ते आठवलं की आजही माझं डोकं सणकतं.

आई जिथे काम करते तिथल्या एका बाईंनी मला त्यांच्या मोबाइलवर ते ॲप उघडून दाखवलं. आईचा फोटो, नंबर, कुठल्या घरी किती वाजता, आज आली की नाही. वर साडेतीन तारे. टॉवरमधल्या कुणालाही हे दिसत होतं. बाईंचा स्वतःचा नंबर मात्र शेजाऱ्यालाही दिसत नव्हता.

"आमचा लपवायची सोय आहे," त्या म्हणाल्या आणि ओशाळल्या.

मी कंपनीला लिहिलं. ठरावीक छापाचं उत्तर आलं. चौकशी केली तर तिथल्या आणखी दोघी बायकांना तसेच फोन आलेले. सगळ्यांचं मिळून पुन्हा लिहिलं, सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले.

"अहो, ते सिक्युरिटीसाठी आहे," ते म्हणाले.

"कुणाच्या? फोन करणारा तुमच्याच इमारतीतला आहे. शोधा ना त्याला!"

ते स्वतःच्या मोबाइलमध्ये बघत बसले. मी म्हटलं, आता पोलिसात जाते.

पंधरा दिवसांत कंपनीने घरकामाच्या बायकांची माहिती दाखवणारी सोयच ॲपमधून बंद केली. 'आपल्या सहकार्याबद्दल आभार', एवढाच निरोप. का बंद केली, याबद्दल चकार शब्द नाही. मी फोन लावला.

"मॅडम, ती सर्व्हिसच बंद झाली, म्हणून तुमची कम्प्लेंट क्लोज केली," पलीकडची मुलगी म्हणाली.

"आणि आईचा फोटो, आधार? आतापर्यंत ते कोणी कोणी बघितलं?"

"आम्हाला ते आता दिसत नाही."

"दिसत नाही, की पुसलंय?"

तिने थांबायला सांगितलं. गाणं वाजलं, मग फोन कट झाला. तेव्हा कळलं, सोय आमच्या भल्यासाठी बंद केलीच नव्हती. चालू ठेवली असती तर माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं असतं. नालायक लेकाचे!

एका घराने आईला काढलं. "तुमच्या मुलीमुळे ॲप गेलं, आता तुम्ही कधी येता तेच कळत नाही." घरी येऊन आई माझ्यावरच चिडली, "कित्याक गेलंस भांडूक?" पोलिसात जाऊ दिलं नाही. नंबर बदलला.

परवा तिचे गुडघे सुजलेले दिसले. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, लिफ्टमध्ये एकटा पुरुष असला की ती जिन्याने जाते. बारा मजले.