पाकिटावरचं शीत

अमेरिकेत, श्रूजबरी गावात राहणाऱ्या नरेंद्र पांढरीपांडेला फुकट मिळालेली कुठलीच गोष्ट पचायची नाही. अठ्ठ्याण्णव साली घर घेतलं, तेव्हा शेजारची बाई केळ्याचा केक घेऊन दारात आली, तर ह्यानं तो दोन दिवस ओट्यावर नुसता ठेवला. ‘हिला काय हवंय ते कळू दे आधी.’ तिसऱ्या दिवशी रत्नानं, त्याच्या बायकोनं, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि वर चहा प्याली. बाईला काहीच नको होतं. पण नरेंद्रच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

माणूस मूळचा नागपूरचा, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पंचाईत अशी, की घरी येताना हे काम ऑफिसात ठेवून यायला त्याला कधी जमलंच नाही. ईशाननं, त्याच्या एकुलत्या एक मुलानं, पाचवीत गणितात शंभरपैकी शंभर आणले तर ह्यानं काय विचारावं? ‘पेपर फुटला होता का रे?’ अहो, पोरगं दहा वर्षांचं!

गावाच्या कडेला एक लांबलचक तळं आहे. तळ्यावर एक रेस्क्यू बोट असायची आणि तिच्यावरचे सगळे स्वयंसेवक: एक दातांचा डॉक्टर, एक स्कूलबस चालवणारी बाई, दोन इलेक्ट्रिशियन, असेच. पगार शून्य. कमरेचा पेजर वाजला की हातातला घास टाकून धावायचं आणि बुडणाऱ्याला बाहेर काढायचं. बोटीचं पेट्रोल, दोर, गार पाण्यात घालायचे जाड रबरी सूट ह्यांच्यासाठी पैसे गोळा करायचा तो गावातला लेकसाइड सर्व्हिस क्लब. क्लबवाले रविवारी पॅनकेकचा नाश्ता विकायचे आणि पोस्टाच्या दाराशी एक गुडघ्याएवढा रबरी बूट ठेवायचे. येणारे-जाणारे त्यात पैसे टाकत.

“बर्फाच्या पाण्यात फुकट कोण उडी मारतो?” नरेंद्र म्हणाला. “ह्यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे.” आणि ते शोधून काढायला, २००३ साली, हा पठ्ठ्या चक्क क्लबचा मेंबर झाला!

एका शनिवारी तर थर्मास आणि दुर्बीण घेऊन तो तीन तास गाडीत बसून बोटीवर पाळत ठेवून होता. संशय असा, की ही मंडळी वर्गणीच्या पेट्रोलवर मासे मारायला जातात. मंडळींनी बोट धुतली, दोर वाळत घातले, सँडविच खाल्ली आणि घरी गेली. “मी बघतोय हे कळलं असणार त्यांना,” नरेंद्र म्हणाला. आता ह्यावर कोणी काय बोलायचं?

क्लबचा अध्यक्ष वॉल्टर. रिटायर्ड प्लंबर, आणि स्वतः बोटीवरही जाणारा. नरेंद्र दर मीटिंगला त्याला शंका विचारायचा आणि वॉल्टर न चिडता उत्तरं द्यायचा. २००४च्या उन्हाळ्यापासून तर तो नरेंद्रशी जरा जास्तच आपुलकीनं वागायला लागला होता. नरेंद्रनं त्याचीही मनात नोंद केली: हा आपल्याला गुंडाळतोय.

ऑक्टोबरच्या मीटिंगमध्ये वॉल्टरनं सांगितलं, की एप्रिलपासून दर महिन्याला कोणीतरी बुटात बिननावाचं पाकीट टाकतंय. आत नेहमी एकशे एक डॉलर. सगळे हसले. शंभर समजू शकतो, वरचा एक कशाला? दातांचा डॉक्टर म्हणाला, कोणीतरी मोजायला चुकत असणार.

नरेंद्र मात्र ताठ बसला. अहेराचा एक! शून्यावर देणं संपतं, म्हणून वर एक ठेवायचा, हे त्या अख्ख्या खोलीत त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? म्हणजे देणारा आपल्यातलाच. पण आपल्यातला माणूस नाव न सांगता देईल? त्याला पहिला आठवला विक्रम बोकारे. विक्रमला टाऊनच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. पण विक्रमनं दिले असते तर फोटोसकट दिले असते. मग प्रतापकाका? ते तर गणपतीच्या वर्गणीला दरवर्षी चेकबुक विसरायचे. नरेंद्रच्या डोक्यात नुसता भुंगा लागला.

मीटिंग संपल्यावर त्यानं वॉल्टरला गाठलं. “मला ते पाकीट बघायचंय.” वॉल्टरनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ड्रॉवरमधून काढून दिलं. साधं पांढरं पाकीट, वर एक अक्षर नाही. नरेंद्रनं ते उलटं केलं, उघडलेल्या तोंडावरून बोट फिरवलं आणि तिथंच थांबला. बोटाखाली काहीतरी खरखरीत लागलं. वाळलेल्या भाताचं शीत.

जीभ लावून पाकीट चिकटवायचं म्हणजे समोरच्याला उष्टं द्यायचं, असं त्याच्या ओळखीत एकच बाई मानत होती. पंचवीस वर्षं राखीची, लग्नाची, बिलांची पाकिटं ती शितानं चिकटवत आली होती, आणि तो तिला त्यावरून चिडवत आला होता.

घरी येईपर्यंत त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रत्ना स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. डेकेअरमधला पगार तिचा स्वतःचा होता, तो कुठं जातो हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि आता नेमका त्याचाच त्याला पश्चात्ताप होत होता.

“त्या लोकांनी काय सांगून गंडवलं तुला?” तो दारातूनच ओरडला. “खरं सांग. कोण आलं होतं घरी?”

रत्नानं शेंग खाली ठेवली. “कोणी आलं नव्हतं. मार्चमध्ये ईशानची होडी उलटली होती.”

ईशान शेजारच्या वूस्टरला कॉलेजात होता आणि रोज सकाळी त्याच तळ्यावर वल्हवायला जायचा. बर्फ वितळून आठवडासुद्धा झाला नव्हता. होडी उलटली, हातपाय आखडले, होडीला धरून राहण्याइतकीही ताकद उरली नाही. बोटीवरच्यांनी दंडाला धरून वर ओढला. धरणारा वॉल्टर होता.

“वॉल्टर?” नरेंद्र म्हणाला. “दर मीटिंगला भेटतो मला. एका शब्दानं बोलला नाही!”

“ज्यांना काढतात त्यांचं नाव ते कोणालाच सांगत नाहीत. तसा नियमच आहे त्यांचा.”

“त्यांचं राहू दे. तू? अगं, माझा मुलगा मरता मरता वाचला आणि मला सात महिने पत्ता नाही?”

रत्नाचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. “त्यानं शपथ घातली होती, अहो. हॉस्पिटलमध्ये, तीन ब्लँकेटांखाली कुडकुडत होता. म्हणाला, आई, बाबांना नको सांगू. ते विचारतील, तिथं कशाला गेलास, बरोबर कोण होतं, काही प्यायला होतास का. मला आज फक्त झोपायचंय.”

नरेंद्रला लाज वाटली, कधी नव्हे इतकी, कारण हेच तिन्ही प्रश्न ह्या क्षणी त्याच्या जिभेवर होते.

मग त्यानं फोन उचलला. ईशाननं घेतला. “बाबा? काय झालं?”

“काही नाही रे. ते, मार्चमध्ये… पाणी फार गार होतं का?”

ईशान भराभरा बोलायला लागला, इंग्रजीत, एकामागून एक. कोच किनाऱ्यावर होता. परमिशन घेतली होती. ड्रिंक वगैरे काही नव्हतं, ब्लड टेस्टचा रिपोर्ट आहे. “आय कॅन सेंड इट, बाबा. कोचचा नंबर पण देतो. तुम्ही चेक करा.”

“नंबर नको रे, राजा,” नरेंद्र म्हणाला. “रिपोर्ट नको. पाणी गार होतं का, तेवढंच सांग मला.”