कुंदाचा डावा पाय

सई, निहार, बाळांनो, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. पुढेही सांगितलं नसतं. पण परवा सई फोनवर म्हणाली, "आजी, सातवा लागल्यापासून पायात फार गोळे येतात गं," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोमट तेल लाव, चांगलं चोळ." फोन ठेवला. लगेच परत फोन केला. सूज आहे का? एकच पाय दुखतो का? "नाही गं, लगेच सुटतो. एवढी का घाबरतेस?" असं विचारलंस ना, सई — त्याचं हे उत्तर.

आधी गोळ्याचं सांगते. पोटरीचा स्नायू एकाएकी आवळतो आणि सुटत नाही, तो गोळा. का येतो? दमणूक, फार वेळ उभं राहणं, पाणी कमी पिणं. गरोदरपणी तर बऱ्याच जणींना येतो, आणि नेमकं कारण डॉक्टरांनाही दर वेळी सांगता येत नाही. पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढायचा; थोड्या वेळात सुटतो. पण एकच पाय दुखत राहिला, सुजला, गरम लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. मग चोळायचं नाही. तडक डॉक्टरांकडे जायचं. बाळंतपणानंतरही हेच.

हे काही मला आज कळलेलं नाही. तेच तर सांगायचं आहे.

कुंदाआजी, माझी धाकटी जाऊ, बाळंत होऊन गिरीज गावातल्या आपल्या घरी यायला निघाली, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने हे सगळं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मलाच — कारण घरात इंग्रजी शिकलेली मी, औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवणारी मी. बारशाच्या आदल्या दिवशी कुंदा म्हणाली, "वहिनी, पाय बघा ना, गोळा सुटतच नाही." मी बघितला. डावी पोटरी सुजली होती. हात लावला, तर तापलेली. नर्सचं बोलणं आठवलं नाही, असं कसं म्हणू?

पण अंगणात मांडव घातला होता. पार आगाशी गावापासून माणसं येणार होती. पाळण्याच्या फुलांपासून पंगतीपर्यंत सगळं मी आखलेलं. बाळंतीणच दवाखान्यात गेली तर बारसं कसलं? "साधा गोळा आहे, तुझं आपलं काहीतरीच," मी म्हटलं. आणि वाडीतल्या नारळाचं तेल कोमट करून मी स्वतः तिची पोटरी चोळली. जोर लावून. ती पदर तोंडात धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी बाळाचं नाव ठेवून होतंय तोच तिला श्वास घेता येईना. दवाखान्यात नेताना गाडीत तिचे ओठ निळे पडत चालले. गुठळी फुप्फुसात गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, "पाय कोणी चोळला होता?"

मी म्हटलं, "तिनेच चोळला असेल. ऐकते कुठे ती?"

कुंदा वाचली. चोळल्यानेच तसं झालं का, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. या वाक्याच्या आड मी पुष्कळ वर्षं लपले. पण चोळला कोणी, हे तर मला ठाऊक होतं ना?

माझं खोटं घरात रुळलं. लग्नाकार्यात कोणीतरी चिडवतंच, "कुंदे, पाय चोळत बसू नकोस हं!" ती हसते, "माझीच अक्कल, दुसऱ्या कोणाची?" आणि हसता हसता एकदा माझ्याकडे बघते. तिला आठवत नसेल? ते तेल, हे हात? की आठवतं, आणि — मला पुढचा विचार करवत नाही. तिच्या ओट्यावर चपला काढताना अजून मनात येतं, आज बोलेल का? मी तर बोललेली नाहीच.

आता दोघींची घरं एकाच वाडीत, शेजारी शेजारी. कुंदाची डावी पोटरी उजवीपेक्षा जाड राहिली आहे. त्या पायात ती दिवसभर घट्ट मोजा घालते. धुऊन दोरीवर वाळत घालते, तेव्हा तो माझ्या खिडकीतून दिसतो.