कोरा रकाना

रेबेकामावशी गेल्याचं तिच्या भाचीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी इथे सिंगापुरात बेडोकच्या बाजारात भेंडी निवडत होते. ती तशीच टाकून घरी आले... महिना होत आला, पण दाराची बेल वाजली की अजून छातीत धस्स होतं. ही धास्ती मावशीनंच लावली मला.

सार्सची साथ आली त्या वर्षी आमच्या ब्लॉकमधल्या रहिवाशांची यादी करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. माझं अक्षर मोत्यासारखं, त्याची मला भारी मिजास! धर्माचा रकाना तर मी माझ्याच डोक्यानं वाढवला. कुणाला घरात अडकून राहावं लागलं तर काय जेवण पाठवायचं ते कळावं म्हणून. सातव्या मजल्यावरच्या एकट्या म्हातारीला इंग्रजीत धर्म विचारला, तर तिनं माझं मनगटच धरलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "नको गो लिहूस. हात जोडते." तीच ही रेबेकामावशी.

मावशी ज्यू, अलिबागकडच्या बेने इस्रायली घरातली, पण जन्म इथलाच. महायुद्धात इथं जपान्यांचं राज्य आलं तेव्हा नऊ वर्षांची होती. सरकारनं हुकूम काढला, ज्यूंनी नाव नोंदवावं, दंडाला पट्टी बांधावी. तिचे बाबा कारकून, नियमाचे पक्के. पहिल्याच दिवशी रांगेत उभे राहिले. मावशी सांगायची, "अक्षर बघून त्यांनी बाबांनाच नावं लिहायला बसवलं. दोघंतिघं म्हणाले, आमची नावं नको लिहूस. बाबा म्हणाले, सरकारी काम आहे, लपवायचं कशाला?" पुढे लॉरी आली. त्याच कागदावरून नावं पुकारून पुरुषांना छावणीत नेलं. पहिलं नाव बाबांचंच. नंतर मावशीला आणि तिच्या आईलाही नेलं. "बाबा परत आले गो. पण पेन धरलं नाही पुन्हा. अंगठा उठवायचे."

मी तिचा रकाना कोरा ठेवला. पुढे दर शुक्रवारी तिच्याकडे चहाला जायचे. बेल वाजवली तर ती दार उघडायचीच नाही; बाहेरून तीनदा हाक मारली की मगच कडी निघायची. "मावशी, जपानी कधीच गेले!" मी चिडवायचे. ती हसायची नाही. "यादी कुठं गेली पण?" म्हणायची.

गेल्या आठवड्यात भाची आली. थडग्याच्या दगडावर मराठीतही नाव हवं, ही मावशीचीच इच्छा. इथल्या कारागिराला देवनागरी येत नाही. "आंटी, शी सेड ओन्ली यू कॅन राइट, लाह," ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, मग मराठीत, "आता लिही म्हणावं, असं सांगितलंय."

आज सकाळी कागद घेऊन बसले. 'रेबे' एवढं लिहिलं आणि बेल वाजली... काही कळायच्या आत मी तो कागद उशीखाली सारला होता.