मामांच्या ग्रीक कपाटाची कडी

बाळांनो, अख्ख्या पुणे जिल्ह्यात तुमच्या आजोबांच्या मामांइतका संशयी माणूस झाला नाही, आणि झाला असता तर मामांनी आधी त्याच्यावरच संशय घेतला असता. एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत ते बारामतीला चर्चचे उपदेशक होते, आणि मी मॅट्रिकचे इंग्रजी घेऊन सून म्हणून त्या घरात नुकतीच आले होते. पहिल्याच सकाळी मी केलेला चहा त्यांनी हुंगला आणि विचारले, "सूनबाई, दूध आपल्याच म्हशीचं ना?" म्हैस एकच होती, आणि तिची धार त्यांनी स्वतः काढली होती. बाहेर पडताना ते दाराला कुलूप लावत, ओढून पाहत, कालव्याच्या पुलापर्यंत जात आणि परत येऊन पुन्हा ओढत. एकदा मला आत ठेवूनच कुलूप लावून निघाले. मी खिडकीतून हाक मारली, तर म्हणाले, "आवाज सूनबाईंचाच आहे कशावरून?"

पण त्यांचा सर्वांत मोठा संशय भाषांतरावर. तरुणपणी एका म्हाताऱ्या मिशनरी साहेबाकडून ते ग्रीक शिकले होते. त्यांचे ग्रीक शुभवर्तमान सागवानी कपाटात, भक्कम लोखंडी कडीमागे असे. रविवारी उपासनेत मराठी पाठ वाचून झाला की मामांचा चष्मा कपाळावर जाई. "मराठीत असं आहे. मुळात काय आहे ते पाहावं लागेल." वाक्य जितके गोड तितका संशय दाट. "इतकं गोड भाषांतर करणाऱ्या साहेबाला सुचायचं नाही. हे त्याच्या मराठी पंडिताचं काम. जाता जाता साखर पेरून गेला!" मी मोठ्या ऐटीत माझे इंग्रजी बायबल पुढे केले, तर म्हणाले, "तेही भाषांतरच, सूनबाई. एका आरोपीसाठी दुसऱ्या आरोपीची साक्ष काढायची?" इंदापूरच्या मोटारीत ते ग्रीक वाचत बसले की खादीवाले त्यांना सरकारचा हेर समजत आणि पोलीस त्यांना खादीवाल्यांचा. दोघांचाही संशय मामांना अगदी रास्त वाटे.

महिन्यातून एकदा ते अंथुर्ण्याला उपासना घ्यायला जात. पेटी वाजवायला मी बरोबर असे. तिथल्या बहुतेकांना वाचता येत नसे, म्हणून सुरुवात कुणाच्या तरी पाठांतराने व्हायची. मी सांगते ती मामांची तिथली पहिलीच उपासना. सारूबाई नावाची म्हातारी विधवा उठली. ती भावाच्या गोठ्याला लागून असलेल्या खोपटात राहायची. प्रभूने शिष्यांचा निरोप घेतला तो भाग तिने आपल्या बोलीत सुरू केला. "माज्या बापाच्या घरात लई खोल्या हायती. तसं नसतं तर म्या तुमाला सांगितलं असतं. तुमच्यासाटी जागा कराया म्या म्होरं चाललोय. आन् दाराला आतनं कडी हाय."

चष्मा कपाळावर गेला. "सारूबाई, कडी कुठून आली?"

"आता बया! खोली म्हनल्यावर कडी आलीच की, साहेब."

लोक हसले. मामा हसले नाहीत. "मूळ पाहावं लागेल."

पुढच्या महिन्यात त्यांनी चोर पकडल्याच्या थाटात जाहीर केले, "मूळ पाहिलं. खोलीच्या ठिकाणी राहायची जागा, एवढंच आहे. भिंत नाही, दार नाही. कडी तर नाहीच नाही."

सारूबाईने पदर ओढून घेतला. "मंग हितं शेरडं घुसत्यात, तितं बी घुसतील," म्हणाली आणि खाली बसली. या वेळी कुणी हसले नाही.

त्यानंतरच्या उपासनेला ती आलीच नाही. भाऊ म्हणाला, "न्हाय यायची ती. म्हनती, मूळ भाषेत माजी खोलीच न्हाय, तर बसून काय करू?"

मामांना आधी त्याचाही संशय आला. म्हणून आम्ही पाहायला गेलो. खोपटाचे दार सुतळीने बांधलेले होते. मामांनी सवयीने ते ओढून पाहिले, तर सुतळी हातात आली. आत सारूबाई भिंतीशी बसली होती आणि एक शेळी तिची वाकळ चघळत होती.

"बगा साहेब," ती म्हणाली. "ह्याला काय म्हंत्यात तुमच्या ग्रीकात?"

परतताना बैलगाडीवाल्याने जवळची वाट धरली, तरी मामांनी हरकत घेतली नाही, तेव्हा मला काळजीच वाटली. पुढे कित्येक दिवस ते कपाटासमोर बसून असत.

"मामा, चुकलं का काही?" मी विचारले.

"चुकलं नाही, सूनबाई. पण वाक्य मी अर्ध्यावर सोडलं."

पुढच्या खेपेला त्यांनी पिशवीतून ग्रीक शुभवर्तमानाबरोबर पेचकस काढला. उपासनेआधी खोपटाकडे गेले, आणि सारूबाईच्या दाराला आतून एक लोखंडी कडी बसवली. स्वतः आत राहून ती लावली आणि आम्हा दोघींना बाहेरून दार ओढायला लावले. मग तिला घेऊन उपासनेला आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सारूबाई, मूळ पुन्हा पाहिलं. तसं नसतं तर सांगितलं असतं, असं तो म्हणतो. मी ग्रीकातलं पान न पान चाळलं. तुमची खोली नाही, असं त्यानं कुठंही सांगितलेलं नाही."

"आन् कडी?"

मामांनी ग्रीक पुस्तक मिटले. आयुष्यात कुणावर काही सोडले नव्हते त्या माणसाने.

"जागा करायला तो स्वतः पुढं गेलाय. एवढं त्याच्यावर सोडू."

सारूबाई उठली आणि सगळा पाठ म्हणाली, कडीसकट. चष्मा नाकावरून हलला नाही.

आता मामा नाहीत, सारूबाईही नाही. सागवानी कपाट माझ्याकडे आले आहे. त्याच्या दारावर कडीच्या जागी नुसती स्क्रूची भोके आहेत. मामांनी तिथे दुसरी कडी कधी लावलीच नाही. परवा सुतार आला तेव्हा म्हणाला, "आजी, हितं एक नवी कडी ठोकून देऊ का?" मी नको म्हटले. वाऱ्याने दार उघडते, ग्रीक पुस्तकाची पाठ दिसते. मी उठून ते लोटते. कधी कधी नाही लोटत.