लोटन सर आणि न थांबणारं इंजिन

लोटन सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आयटीआयच्या प्रवेशाच्या दिवशी. डिझेल मेकॅनिकच्या यादीत एकोणीस मुलं होती आणि विसावी मी. रनाळ्याहून आबा, म्हणजे माझे वडील, बरोबर आले होते. हे काम पोरीला झेपेल का, असं आबांनी विचारलं. सरांनी उलट त्यांनाच विचारलं की विहिरीवरच्या इंजिनाला हँडल कोण मारतं. आबा थोडे ओशाळले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सरांनी लगेच यादीत माझं नाव लिहून टाकलं.

यंदा सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची शिस्त, त्यांचा वक्तशीरपणा, निवृत्तीनंतरही न सुटलेली वर्कशॉपची ओढ यांबद्दल या गौरवग्रंथात इतर जण लिहितीलच. मला लिहायचं आहे ते माझ्या भीतीबद्दल. सर माझे गुरू झाले ते तिच्यामुळे.

सर वर्गात प्रमाण मराठी बोलत आणि वर्कशॉपमध्ये शिरले की अहिराणी. पिस्टनचं इंजिन ते असं समजावत: सिलिंडर ही एक खोली आहे आणि त्या एकाच खोलीत चार कामं पाळीपाळीने होतात. हवा आत घ्यायची, पिस्टनने ती दाबायची, इंधन पेटलं की त्या जोरावर पिस्टन खाली ढकलला जाऊ द्यायचा, आणि शेवटी धूर बाहेर टाकायचा. ताकद एकाच कामातून मिळते, उरलेली तीन कामं फ्लायव्हीलच्या, म्हणजे बाजूच्या जड चाकाच्या, फिरण्यावर निभतात. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते तेव्हा इंधन पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. हे सगळं मी वहीत आकृतीसह सुवाच्य लिहिलं होतं. त्याचा अर्थ मात्र मला ठाऊक नव्हता.

तो मिरचीचा हंगाम होता. नंदुरबारच्या आसपास पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, मिरची वाळायला पडली की हवेत तिची लाल धूळ असते, डोळे चुरचुरतात. स्टँडवर बसवलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा हवेचा फिल्टर साफ करायचं काम माझ्याकडे होतं. त्याच्या तळाच्या वाटीत तेल असतं, आत जाणाऱ्या हवेतली धूळ त्यात अडकते. वाटीला खूण असते, तेल त्या खुणेपर्यंतच घालायचं. मी विचार केला, धूळ जास्त आहे तर तेल जास्त हवं. वाटी काठोकाठ भरली आणि इंजिन सुरू केलं.

पहिलं मिनिट बरं गेलं. मग आवाज चढायला लागला. मी स्टॉपर ओढला, म्हणजे डिझेल तोडलं. इंजिन थांबलं नाही. आवाज आणखी चढला, काळानिळा धूर छताला लागला, स्टँड हादरू लागलं. आबांच्या मोटारसायकलची सवय, म्हणून मी चावी शोधत होते. चावी फिरवून तोडायला तिथे ठिणगी होती कुठे?

सर हजेरी घेत होते. ते धावत आले आणि ओरडून म्हणाले, "ते डिझेल नही पी ऱ्हायनं, तेल पी ऱ्हायनं. हवा तोडा." वाटीतलं जास्तीचं तेल हवेबरोबर आत ओढलं जाऊन तेच पेटत होतं. फिल्टरच्या नळीचं वरचं तोंड उघडं होतं. सरांनी हातातलं जाड पुठ्ठ्याचं हजेरीपुस्तक त्यावर दोन्ही हातांनी दाबून धरलं. इंजिनाने ते आत ओढलं, गुदमरलं, दोन आचके दिले आणि थांबलं. त्या ओढीत सरांचं मनगट मुरगळलं, तरी ते आधी मुलांना मोजत होते. वीसच्या वीस जागेवर आहेत, हे पाहूनच ते खाली बसले.

मुलांना विषय मिळाला. माझ्या पाठीमागे, मला ऐकू येईल इतक्याच हळू आवाजात, आज भाजीले तेल जास्त व्हयनं, असं सुरू झालं. सर मला रागावले नाहीत. प्राचार्यांना दिलेल्या अहवालात त्यांनी लिहिलं की वाटी तपासण्याचं राहून गेलं, ही निदेशकाची, म्हणजे शिकवणाऱ्याची स्वतःची, चूक आहे. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आवाज कानातून जात नव्हता. पिठाच्या गिरणीजवळून जायलाही मी नाही म्हणू लागले. आबांनी ठरवून टाकलं की मला शिवणकामाला घालायचं.

नवव्या दिवशी मनगटाला पट्टी बांधलेले सर बसने रनाळ्याला आले. ओट्यावर बसून बराच वेळ आबांशी मिरचीच्या भावावर बोलले. मग म्हणाले की मुलीला घरी ठेवायचं तर ठेवा, पण त्याआधी एकदा तिला ते इंजिन बंद करू द्या. आबांना हे विचित्र वाटलं. सुरू करायचं की बंद, त्यांनी विचारलं. "सुरू मी करसू," सर म्हणाले. "तिनी फक्त बंद करानं."

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर तेच चाललं. सर इंजिन सुरू करत आणि मी ते थांबवत असे. दिवसातून दहा वेळा. कधी डिझेल तोडून, कधी नळीच्या तोंडावर सपाट फळी दाबून. पहिल्या दिवशी मी हात मागे घेतला तेव्हा ते हळूच म्हणाले, "हात कापी ऱ्हायना ना? कापू दे. काम तोच हात करी."

त्या आठवड्यानंतर सरांच्या शिकवण्याचा क्रमच बदलला. प्रत्येक नव्या तुकडीचा पहिला धडा थांबवण्याचा असे, आणि इंजिनांमधले फरकही ते त्याच वाटेने सांगत. वाफेच्या इंजिनात पिस्टन असला तरी आग बाहेर बॉयलरखाली असते, म्हणून वाफ तोडा. पेट्रोलची ठिणगी तोडा. डिझेलचं इंधन तोडा, ऐकलं नाही तर हवा तोडा. विमानाच्या जेट इंजिनात पिस्टनच नाही. तिथे चारही कामं एकामागे एक चार खोल्यांत अखंड चालू असतात, इंधन तोडलं तरी पाती बराच वेळ फिरत राहतात, तोवर जवळ जायचं नाही. विजेच्या मोटारीत काही पेटतच नाही, प्रवाह तोडला की झालं. हा धडा माझ्या चुकीतून आला, हे सरांनी एकाही तुकडीला सांगितलं नाही. ते आज मी सांगते आहे.

त्यांच्या माणुसकीचं एक छोटं उदाहरण द्यायला हवं. मला कपडे बदलायला जागा नव्हती. मी कधी तक्रार केली नव्हती, तरी एके सकाळी सरांनी स्टोअररूमची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि दुसरी किल्ली नाही, एवढंच सांगितलं.

पुढे मी त्याच वर्कशॉपमध्ये निदेशक झाले. तरीही दर वर्षी नव्या तुकडीसमोर पहिल्यांदा इंजिन सुरू करायच्या दिवशी मला ती जुनी भीती गाठते. आता वीस जणांच्या आईवडिलांनी आपली मुलं माझ्या भरवशावर सोडलेली असतात. सर निवृत्त झाल्यावरही त्या दिवशी न चुकता येत, दारापाशी उभे राहत. ते दिसले की मला पुढे होता येई. यंदा गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं. आदल्या दिवशी फोनवर म्हणाले, "तूच कर. मन्ही वाट नको पाहू."

गेल्या सोमवारी मी तेलाची वाटी तीनदा पाहिली. फळी हाताशी ठेवली. दाराकडे पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलं, तिथे नुसतं ऊन होतं. इंजिन सुरू झालं. त्याचा सूर कानात मोजत मी उभी राहिले, मग धडगावहून आलेल्या एका मुलीला पुढे बोलावलं. तिने स्टॉपर ओढला आणि इंजिन थांबलं.

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. फोन काकूंनी, सरांच्या पत्नींनी, उचलला. माझा आवाज ऐकताच त्या म्हणाल्या, "सकायपाइन वट्टावर बशी ऱ्हायनात. च्या बी लिधा नही. तुन्हा फोननी वाट दखी ऱ्हायनात." दरवर्षी त्या दिवशी असंच असतं, चहाही न घेता घरातून उपाशीच निघतात, असंही त्यांनी सांगून टाकलं. इतकी वर्षं दारात उभी असलेली ती शांत आकृती मी आधार म्हणून पाहत आले होते. तीही आतून तितकीच घाबरलेली असते, हे मला पंचेचाळिशीला टेकल्यावर कळलं.

मग सर फोनवर आले. बंद झालं का, एवढंच त्यांनी विचारलं. झालं, मी म्हटलं, एका मुलीने केलं. मग फोन कानाला तसाच ठेवून ते काकूंना म्हणाले, "आते च्या ठेव."

सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे बरे होवोत, कान असेच तीक्ष्ण राहोत. पुढच्या वर्षी इंजिनाच्या दिवशी मी सकाळी पहिलं तेच काम उरकून लगेच फोन करीन. तुम्ही मात्र चहा वेळेवर घ्या.