पोटदुखीवरचा हिंग

तीन महिन्यांपूर्वी तेलगावला माझी चांगलीच जिरली. आज सांचीचा रिपोर्ट हातात आलाय, म्हणून आता सांगायला हरकत नाही...

सांची माझी मुलगी, वय वर्षं आठ. तिला सिलियाक आहे, म्हणजे गहू अजिबात चालत नाही. पोळी, रवा, शेवया, बिस्कीट सगळं बंद. कणभर गहू पोटात गेला तरी आतड्याला त्रास होतो.

आपण बीडची माणसं, ज्वारीची भाकरी खाणारी. मला सुरुवातीला वाटलं, हे तर सोपंच आहे... पण गहू कुठं कुठं लपून बसतो ते शोधायला लागल्यावर कळतं. गिरणीत आपल्या ज्वारीआधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, म्हणून घरघंटी आणली. एका ढाब्यावर कळलं की भाकरी चिरू नये म्हणून पिठात थोडी कणीक मिसळतात. झालं, ढाबे बंद.

त्यात मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे माझा थाट विचारूच नका. लग्नात गेलं की आधी आचाऱ्याची उलटतपासणी, आणि तरी भरवसा नको म्हणून सांचीला घरचा डबा. ती पंगत सोडून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून जेवायची. तक्रार करायची नाही, पण पंगतीकडे बघत बघत खायची... मला ते बघवायचं नाही.

आणि वर्षभर एवढं करूनही तिचं पोट दुखायचंच. वजन वाढेना, रिपोर्ट सुधरेना. डॉक्टर म्हणायचे, कुठून तरी गहू जातोय. मी म्हणायचे, शक्यच नाही.

अशात कौसामावशीचं जेवणाचं बोलावणं आलं. ही माझ्या आईची धाकटी बहीण, तेलगावला असते. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, कापूस वेचून वेचून बोटं खरबरीत झालेली. नव्या घरात राहायला गेली म्हणून सगळ्यांना जेवण होतं. मी फोनवर तिला अर्धा तास लेक्चर दिलं, ती नुसती हं हं करत राहिली... अर्थात, मी डबा घेतलाच.

पोचलो तर मावशीनं तो डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि फळीवर ठेवून दिला. तीस माणसांना एकच स्वयंपाक होता. जातं घासूनपुसून घरी दळलेल्या ज्वारीच्या भाकरी, लसणाची आमटी, वांग्याची भाजी आणि तांदळाची खीर. खीर गव्हाची नाही म्हणून जावईमंडळी थोडी कुरकुरली, पण मावशीनं त्यांना भीक घातली नाही.

सांची पंगतीत बसली. अगदी मधोमध. दोन भाकरी खाल्ल्या, खीर तर तीनदा घेतली...

एवढं खाल्ल्यावर पोट जड होणारच. ती पोट धरून बसली, तशी मी सवयीनं पर्समधून हिंगाची डबी काढली. आमच्याकडे पोट दुखलं की चिमूटभर हिंग ताकात घालून द्यायचा, हे माझ्या आईनं केलं, तिच्या आईनंही केलं. मी ताकाचा पेला ओढला, तोच मावशीनं माझं मनगट धरलं.

"थांब बाई. त्यात गहू हाय."

मी हसले. हिंग म्हणजे झाडाचा चीक, त्यात गहू कुठून येणार, असं तिलाच समजावायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग आदल्या दिवशीचा उद्योग सांगितला. घरातले मीठमसाल्याचे सगळे पुडे पिशवीत भरून ही किराणा दुकानात गेलती. दुकानदाराला एकेक पुडा वाचायला लावला. मागं गिऱ्हाईकं खोळंबली, दुकानदार कावला, पण ही जागची हलली नाही. हिंगाच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं निघालं, म्हणून आमटीत हिंगाऐवजी लसूण जास्त पडला होता.

मी माझी डबी बघितली. अक्षरं मुंगीएवढी. मोबाईलवर फोटो काढून मोठा केला... गव्हाचं पीठ. तेही हिंगाच्या आधी लिहिलेलं.

म्हणजे वर्षभर पोरीचं पोट दुखलं की मीच तिला ते पाजत होते. दुखणं थांबावं म्हणून... वर रोजच्या वरणाच्या फोडणीत होताच. मला तिथंच रडू फुटलं.

मावशी शांतपणे म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई, म्हणून मी दुसऱ्याकडून वाचून घेतलं. तुला येतंय, मंग तू का न्हाई वाचलं?"

हिंग माझ्या लेखी औषध होता. गव्हाच्या यादीत त्याला शोधायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मावशीनं मग माझ्यापुढं खिरीची वाटी सरकवली आणि सांचीला चिमूटभर ओवा चावायला दिला. तेवढ्यावर तिचं काम भागलं.

त्या दिवसापासून तो हिंग बंद. आजच्या रिपोर्टमध्ये रक्तातल्या अँटीबॉडीचा आकडा बराच खाली आलाय, वजनही वाढलंय. आणि मावशी आता दुकानदाराला छळत नाही. व्हिडिओ कॉल लावते, पुडा कॅमेऱ्यासमोर धरते, आणि सांची वाचून दाखवते. पुडा उलटा धरला की आजीला रागावतेसुद्धा...

मावशी फेसबुकवर नाही, त्यामुळे ही पोस्टही तिला सांचीच वाचून दाखवेल. मावशी, तुझे उपकार मी फेडू शकत नाही. आणि तो डबा अजून तुझ्या फळीवरच आहे ना? राहू दे तिथंच.