भिंतीकडे तोंड केलेली दारं

बहात्तरच्या दुष्काळानंतर सोलापुरात फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी घरं बांधायची होती, तेव्हा मी एक मूर्खपणा केला. कुणाला कुणाच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून प्रत्येक दार शेजाऱ्याच्या भिंतीकडे काढलं. नकाशे काढायला नुकतीच शिकलेली मी, स्वतःच्या हुशारीवर भारी खूश होते.

लोक राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी बोळाच्या तोंडाशी बसलेली दिसली. मांडीवर सूप, न बघता विड्या वळणारी बोटं आणि नजर येणाऱ्याजाणाऱ्यांवर. शेजारी बांधलेलं गाठोडं. ती परत फुटपाथवर निघाली होती.

"मावशी, घर गळतं का?"

"न्हाय की. घर लई झ्याक हाय. पर फुटपाथवर ताप आला तर शेजारीण इचारायची. हितं मेले तरी कुणाला दिसणार न्हाय. दारं समोरासमोर कर, पोरी. भांडायला तरी माणूस दिसू दे."